भोगवटादार आढळला नाही

मोजणीच्या कामात एक वही असते, तिला टिपण म्हणतात. जमिनीवर साखळी टाकून मापं घ्यायची, झाड, विहीर, नाला, झोपडी जे जिथं असेल ते त्या वहीत काढायचं, आणि झोपडी असली तर तिच्यासमोर राहणाऱ्याचं नाव लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. राहणाऱ्याला कागदावर भोगवटादार म्हणतात. पुढे मोठ्या ऑफिसात रंगीत, सुबक नकाशे तयार होतात ते या वहीवरूनच. नकाशा काढणारा माणूस जमीन बघायला सहसा येत नाही. तो मोजणीदाराच्या वहीवर विश्वास ठेवतो. मी मोजणीदार होतो, आणि माझं अक्षर चांगलं होतं म्हणून माझ्या वहीवर जरा जास्तच विश्वास ठेवत.

छप्पन साली पावसाळा संपत आला तेव्हा अकोल्याच्या पातूर रस्त्याला लागून असलेली एक मोकळी जमीन आमच्याकडे मोजायला आली. शहराच्या कडेची शेवटची कापसाची जिन ओलांडली की ती सुरू व्हायची. नझूलची, म्हणजे सरकारी. तरोटा कमरेइतका वाढलेला, मधूनमधून बाभळी, एका बाजूला कमिटीच्या गाड्यांनी वर्षानुवर्षं ओतलेल्या राखेचे आणि कचऱ्याचे ढीग. नगरपालिकेला तेव्हा सगळे कमिटीच म्हणत. शहर वाढत होतं, नोकरदारांना घरं मिळत नव्हती, म्हणून तिथं ले-आउट पाडायचं घाटत होतं. सरळ रस्ते, शाळेला जागा, बगीचा, आणि बाकी प्लॉट. हे ठरवणारे लोक वर होते. आमच्याकडे नुसता मोजणीचा हुकूम आला.

जमिनीच्या एका कडेला नाला होता, आणि नाल्याच्या काठानं अकरा घरं होती. कुडाची, मातीनं लिंपलेली, काहींवर कवेलू, काहींवर गवत. माणसं हंगामात जिनमध्ये कापसाचं काम करायची, एरवी लोकांच्या वावरात मजुरीनं जायची. ती घरं तिथं किती वर्षांची होती हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. हुकमात त्यांच्यासाठी एक कलम होतं. टिपणात ज्या भोगवटादाराचं नाव आणि अंगठा असेल त्याला ले-आउटमध्ये एक लहान प्लॉट मिळायचा, तिथंच. ज्या घरासमोर नाव नसेल ती जागा रिकामी धरायची. इतकं सरळ होतं ते.

त्या अकरांपैकी एक घर आमच्याच ऑफिसातल्या चेनमनचं होतं. चेनमन म्हणजे साखळीचं टोक धरून पुढे चालणारा माणूस. उन्हात, काट्यात, चिखलात तो पुढे, आणि मोजणीदार मागे वही घेऊन. हा चेनमन माझ्याच वयाचा, उंच, सडपातळ. चौथीपर्यंत शिकलेला होता आणि वाचायला मिळेल ते सगळं वाचायचा. दुकानाच्या पाट्या, पुडीचा कागद, माझं टिपणसुद्धा खांद्यावरून वाकून. मी रागावायचो नाही. कोरडा पडलेला नाला असो की पऱ्हाटीचं, कापसाचं वावर, त्याची रेघ सरळ जायची. बाकी मोजणीदार त्याला माझ्याकडून मागून नेत.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी तो माझ्या टेबलापाशी आला.

“साहेब, आमी सारे नागपूरले चाललो. सुट्टीचा अर्ज देला मोठ्या साहेबाले.”

नागपूरला काय होतं ते मला माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं. बौद्ध धर्माची दीक्षा घ्यायला गावोगावचे लोक निघाले होते, बाजारात पांढरं कापड मिळत नव्हतं, आणि गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती.

“आमची वस्ती मी आल्यावर धरा,” तो म्हणाला. “तवा सारे घरी राहतीन. मीच घेतो एकेकाचा अंगठा. तुमाले तरास नाई.”

“बरं.”

“इसरसान नाई ना?”

“अरे, तुझं घर मी विसरीन का?”

तुम्हाला त्रास नाही, असं तो म्हणाला त्याचा अर्थ सांगायला हवा. अंगठा घेणं म्हणजे नुसती शाईची डबी पुढे करणं नव्हे. समोरच्याचा अंगठा आपल्या बोटांत धरायचा, शाईवर टेकवायचा, मग कागदावर एका कडेकडून दुसऱ्या कडेला लोळवायचा. नाही तर ठसा फासला जातो आणि कागद परत येतो. हे काम मोजणीदाराचं. पण अशा वस्त्यांमध्ये आमच्यापैकी कुणीही ते स्वतः करत नव्हतं. हा चेनमन करायचा. तसा हुकूम नव्हता, त्यावर कुणी कधी बोललंही नव्हतं. वस्ती आली की मोजणीदार वही त्याच्या हातात द्यायचा आणि झाडाखाली सावलीत उभा राहायचा. मीही राहायचो. मी शाळेत असताना अस्पृश्यतेविरुद्ध भाषण करून बक्षीस मिळवलं होतं. झाडाखाली उभा असताना मला त्या भाषणाची आठवण व्हायची नाही.

चेनमन गेला, त्याची वस्ती गेली, आणि दोन दिवसांनी मोठ्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. पंधरा-वीस दिवसांत राज्य बदलणार होतं. वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाणार होता, आणि आजवर नागपूरला जाणारे कागद आता मुंबईला जाणार होते. जुन्या सरकारची कामं अर्धवट ठेवून नव्या सरकारपुढे उभं राहायचं नाही, असं साहेब म्हणाले. सगळी टिपणं दसऱ्याच्या आत.

माझं टिपण नाल्याची कड सोडून पूर्ण होतं. चार-पाच दिवस जास्त द्या, तिथले लोक नागपूरला गेले आहेत, असं मला सांगता आलं असतं. साहेब काही क्रूर माणूस नव्हते. कदाचित त्यांनी दिलेही असते. पण बाकीच्यांनी आपली टिपणं तिथंच टेबलावर ठेवली होती, आणि मागे राहिलेला मीच दिसलो असतो. मी म्हटलं, उद्या देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या चेनमनला घेऊन गेलो. तो वयानं मोठा, बोलका माणूस होता.

“साहेब, साखळीले टोकं दोन अन् चेनमन एक,” तो म्हणाला. “दुसरं तुमी धरता का मी आडवा होऊ?”

एक टोक मी धरलं. वस्तीत शिरलो तेव्हा दारांना सुतळ्या बांधलेल्या होत्या. चुली थंड. कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या आणि दोन शेळ्या बाभळीला बांधलेल्या. शेवटच्या घरापुढे बाजेवर एक म्हातारी बसली होती. ती आमच्या चेनमनची आई.

“कोन होय?”

“मोजनीवाले,” माझ्याबरोबरचा म्हणाला. “बुढे, तू नाई गेली नागपूरले?”

“गुडघे नाई म्हनते. पोरगा म्हने, खांद्यावर नेतो. म्या म्हटलं, मले नेशीन तं या कोंबड्या कोन पाहीन, तुहा साहेब?”

मी हसलो. तीही हसली. मी तिच्या पोराचा साहेब हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझ्याबरोबरच्या चेनमननं सांगितल्यावर ती बाजेवरून उठायला लागली. मी बसा म्हटलं.

आम्ही अकराही घरं मोजली. लांबी, रुंदी, नाल्यापासूनचं अंतर. ती बसल्या जागेवरून प्रत्येक घराकडे बोट करून ते कुणाचं ते सांगत होती. कुणाला किती लेकरं, कुणाची सासू वारली, कुणी कवेलू यंदाच टाकले. माझ्या हातात पेन्सिल होती आणि मी मापं लिहीत होतो. तिनं सांगितलेलं एकही नाव मी लिहिलं नाही, कारण नावासमोर अंगठा लागतो आणि ते घरात नव्हते. नियमाप्रमाणे हे बरोबरच होतं. पण ती घरात होती.

“साहेब, माहा अंगठा चालते का? रेशनले चालला होता.”

तिनं अंगठा लुगड्याला पुसला आणि पुढे केला.

मी पिशवीतून शाईची डबी काढली. झाकण उघडलं. मग चेनमनकडे पाहिलं.

“मी नाई धरत, साहेब,” तो हळू बोलला, पण एवढंही हळू नाही. “घरी घट बसले हायेत.”

घट माझ्याही घरी होते. आई नऊ दिवस सोवळ्यात असायची. पण तिनं मला काही विचारलं नसतं. ऑफिसातून आल्यावर मी नाही तरी आंघोळ करतच असे. या गोष्टी मी आज लिहितो आहे, त्या वेळी यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. राग नव्हता, किळस नव्हती, धर्म बुडेल असंही वाटलं नव्हतं. म्हातारीचा अंगठा माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि माझा हात पुढे गेला नाही. एवढंच घडलं.

“आजी, घरातल्या कर्त्या माणसाला येऊ द्या,” मी म्हटलं.

“कर्ती मीच हाय. या भिंतीची माती म्या तुडवली.”

“मुलगा आला की घेऊ.”

मी झाकण लावलं. तिनं अंगठा थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग त्याच्याकडे बघितलं, आणि हात मांडीवर ठेवला.

परत येताना चेनमननं विचारलं, “मंग लिवाचं काय, साहेब?”

“बघू,” मी म्हटलं.

भोगवटादार भेटला नाही तर मोजणीदारानं तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं, आणि तिन्ही वेळा कुणी नसेल तरच तसं लिहायचं, असा नियम होता. तीन दिवस कुणीच जात नसे. एकदा जायचं आणि ऑफिसात बसून तीन तारखा टाकायच्या, ही सगळ्यांची रीत होती, मोठे साहेब स्वतः मोजणीदार होते तेव्हापासूनची. दुपारी मी पंख्याखाली बसलो आणि अकरा वेळा एकच वाक्य लिहिलं. प्रत्यक्ष तीन वेळा भेट दिली, भोगवटादार आढळला नाही. पहिल्या दोन तारखा मागच्या टाकल्या. तिसरी दुसऱ्या दिवशीची टाकावी लागली, म्हणजे अजून न उजाडलेल्या दिवसाची, कारण वस्ती गेल्याला तीनच दिवस झाले होते आणि दोन भेटींत एक दिवस सोडायचा असे. माझ्या मनात होतं की दसऱ्यानंतर वही पुन्हा मागून घेऊ आणि नीट करू. साहेबांनी त्याच संध्याकाळी सही केली. गठ्ठा बांधला गेला.

दसरा झाल्यावर तीन-चार दिवसांनी चेनमन कामावर आला. अंगात पांढरा सदरा होता, प्रवासानं मळलेला.

“कसं झालं?” मी विचारलं.

“मानसंच मानसं, साहेब. जिकडे पाहाल तिकडे पांढरं.” त्यानं कोपऱ्यातली साखळी उचलली. “घरचे देव पान्यात सोडले. हलकं वाटून राहिलं.”

मग तो म्हणाला, “आमच्या वस्तीची नोंद झाली म्हने.”

“झाली.”

“सारी?”

“सगळी झाली.”

“बरं झालं,” तो म्हणाला आणि साखळी मोजायला बसला. साखळीच्या कड्या वापरून वापरून लांबतात, त्या अधूनमधून तपासाव्या लागतात. तो एकेक कडी बोटानं चाचपत होता. मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. त्या क्षणी मी त्याला खरं सांगितलं असतं तर वही परत आणता आली असती. ती अजून अकोल्यातच होती. पण सांगायचं म्हटलं तर अंगठ्याचंही सांगावं लागलं असतं.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही बरोबर काम केलं. मूर्तिजापूर, बार्शीटाकळी, पातूर. त्याची रेघ तशीच सरळ जायची. माझ्या टिपणावर वाकून तो आता वाचत नसे. मला ते उशिरा लक्षात आलं, आणि आल्यावरही मी त्याचा विचार केला नाही. मग माझी अमरावतीला बदली झाली.

अमरावतीत माझं बरं चाललं. लग्न झालं, मुलगी झाली, हाताखाली चार मोजणीदार आले. राज्य पुन्हा एकदा बदललं, महाराष्ट्र झाला. पातूर रस्त्याची ती जमीन मधल्या काळात कागदावर पडून होती. कधी या ऑफिसात, कधी त्या. माझं वाक्य प्रत्येक ठिकाणी थोडं लहान होत गेलं हे मी नंतर फायलीत पाहिलं. मी लिहिलं होतं, भोगवटादार आढळला नाही. पक्क्या प्रतीत त्याचं झालं, भोगवटा नाही. नकाशात तर काही लिहायची गरजच नव्हती. नाल्याकाठी पांढरी जागा सोडली होती, आणि तिच्यावर प्लॉटांचे आकडे.

नोटिसा निघाल्या तेव्हा चेनमन मला भेटायला अमरावतीला आला. बडनेऱ्याला गाडी बदलून, सकाळीच. नोटीस त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. रिकाम्या सरकारी जागेवर अनधिकृत झोपड्या बांधल्याबद्दल ती होती.

मी त्याला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नेलं. एका टेबलावर बसून आम्ही चहा घेतला, सारख्याच कपांतून, आणि मला आठवतं, मला त्याचं बरं वाटलं होतं. आजूबाजूला कुणी बघतंय का हेही मी पाहिलं.

“आमी अर्ज केला,” तो म्हणाला. “रेशनकार्ड दाखवले. थे म्हनते, कार्ड गावचं हाय, जागेचं नाई. मोजनीच्या टायमाले तुमी तिथी होते याचा कागद दाखवा.”

“मग?”

“मंग काय. मोजनी तुमी केली, साहेब. तुमाले विचारतीन. चिठ्ठी येईन तुमच्याकडे.”

“येऊ दे.”

“तुमी दोन ओळी लिवून देल्या तं अकरा घरं राहते.”

“तुझी आई कशी आहे?” मी विचारलं.

“गेली. दोन सालं झाले.”

मी वाईट झालं म्हटलं. तो चहा संपवून उठला. “येतो मंग,” म्हणाला. त्याला परतीची गाडी दुपारची होती, तोवर तो कुठं बसला ते मी विचारलं नाही.

चिठ्ठी आठवड्यानं आली. मोजणीच्या वेळी सदर जागेवर वस्ती होती किंवा कसे, याचा खुलासा करावा. मी ती दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवली. खरं लिहिलं तर मी तीन खोट्या तारखा टाकल्या हे आपोआप सिद्ध होत होतं. चौकशी लागली असती. वरच्या जागेसाठी माझं नाव गेलेलं होतं. भीती वाटली म्हणून मी खरं कळवलं नाही, असं लिहिणं सोपं आहे, आणि वाचणाऱ्याला ते समजेलही. पण खरं सांगायचं तर मला तेवढी भीती वाटली नव्हती. मला काहीच वाटलं नव्हतं. रोज दहा खुलासे जायचे तसा तोही लिहिला. मूळ टिपण बरोबर आहे, त्याव्यतिरिक्त सांगण्यासारखे काही नाही. सही करून ट्रेमध्ये टाकला आणि जेवायला घरी गेलो. त्या दिवशी घरी वांग्याची भाजी होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

उन्हाळ्यात ले-आउटच्या खुंट्या गाडायचं काम निघालं. अकोल्याला माणसं कमी होती, म्हणून तपासणीला मला पाठवलं. मी नाही म्हणू शकलो असतो. जमिनीवर पोहोचलो तर साखळी धरायला तोच चेनमन होता.

तरोटा वाळून गेला होता. राखेचे ढीग काढून जमीन सपाट केलेली. वस्तीतल्या घरांचे कवेलू आणि लाकडं उतरवून बैलगाडीत भरणं चाललं होतं. लोक ओरडत नव्हते. एक बाई भिंतीत बसवलेली खुंटी हलवून हलवून काढत होती, बाकी भिंत सोडून द्यायची होती तरी. रस्त्याची मधली रेघ त्या घरांमधून जात होती.

“नमस्कार, साहेब,” चेनमन म्हणाला आणि टोक घेऊन पुढे चालायला लागला.

रेघ त्याच्या घरावर आली तेव्हा तो थांबला नाही. छप्पर उतरवलेलं होतं, भिंती उभ्या होत्या. तो दारातून आत शिरला, साखळी उंबऱ्यावरून आत गेली, चुलीच्या जागेवरून मागच्या भिंतीपर्यंत. मागच्या भिंतीला त्यानं आधीच एक भोक पाडून ठेवलं होतं. त्यातून त्यानं टोक बाहेर सरकवलं, वळसा घालून पलीकडे गेला, ताण दिला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “हं, घ्या.”

मी माप घेतलं. खुंटी गाडली. ती त्याच्या घरात, दारापासून चार हातांवर आली.

दुपारी बाकीचे जेवायला गेले. आम्ही दोघं एका भिंतीच्या सावलीत बसलो. मी म्हटलं, “त्या वेळी मी लिहिलं होतं की इथं कुणी आढळलं नाही.”

“मले माहीत हाय.”

“कधीपासून?”

“नागपूरहून आलो त्या दिवशी. बुढीनं सांगतलं. अंगठा पुढं केलता, साहेबानं घेतला नाई म्हने. मरेपर्यंत सांगत होती. येनाऱ्या-जानाऱ्याले अंगठा दाखवे.” त्यानं आपला अंगठा वर केला, तसा, आणि खाली घेतला.

“मग तू मला विचारलंस कशाला? नोंद झाली का म्हणून?”

“तुमी सांगसान म्हून.”

मी वही मिटली.

“अमरावतीले आलो थेबी त्याच्याचसाठी,” तो म्हणाला. “मी वरच्या साहेबाले सांगू शकत होतो, का बुढी घरी होती, तिनं अंगठा देला होता. पन बुढी मेली. चेनमनचं कोन ऐकते? तुमचं ऐकते.”

“मी आता लिहून देतो.”

“आता खुट्या गाडल्या, साहेब,” तो म्हणाला. मग साखळीचा गुंता सोडवत, “लिवाचं असन तं लिवा. मी नाई काहून म्हनू.”

बाकीचे जेवून आले. आम्ही उठलो आणि संध्याकाळपर्यंत आणखी सव्वीस खुंट्या गाडल्या.

मी लगेच लिहून दिलं नाही. उद्या लिहू म्हणत पाऊस आला, पावसाळा गेला, वरच्या जागेचा हुकूम आला आणि मी ती जागा घेतली. सरकारी नोकरांसाठी त्या ले-आउटमध्ये काही प्लॉट राखून ठेवले होते. बायकोनं दोनदा म्हटलं, पण मी अर्ज केला नाही. पुष्कळ दिवस मला वाटत होतं की आपण निदान हे तरी केलं. नंतर कळलं की मला मिळाला असता तो प्लॉट यादीतल्या माझ्यामागच्या नंबरवाल्याला मिळाला, आणि त्यानं तिथं बंगला बांधला. मी अर्ज न केल्यानं नाल्याकाठच्या कुणालाही एक वीटही मिळाली नव्हती.

लिहून दिलं ते दोन वर्षांनी. सगळं लिहिलं. वस्ती होती, म्हातारी होती, तिनं नावं सांगितली, अंगठा देऊ केला, मी घेतला नाही, तारखा खोट्या टाकल्या. चौकशी होईल म्हणून मी बायकोलाही सांगून ठेवलं. ती म्हणाली, “मग आता काय होईल आपलं?” काही झालं नाही. महिन्याभरानं अकोल्याहून कागद आला. सदर प्रकरण बंद झाले असून आपला खुलासा फायलीस लावण्यात आला आहे. माझ्याविरुद्ध एक ओळही नव्हती. ज्यांनी ते वाचायला हवं होतं ते बदलून गेले होते, आणि जे होते त्यांना जुनी फाईल उघडायची नव्हती.

तो कागद आणि माझ्या खुलाशाची नक्कल घेऊन मी चेनमनकडे गेलो. ती अकराही कुटुंबं रेल्वेलाइनच्या पलीकडे, खदानीच्या बाजूला राहायला गेली होती. मुरमाड जमीन, पाण्याला लांब जावं लागायचं. या वेळी घरं विटांची होती, अर्धवट. त्यानं खाट टाकली. त्याची बायको आतून पाहून गेली, बाहेर आली नाही.

मी कागद दिला. त्यानं पूर्ण वाचला, सावकाश, तारखेसकट. मग माझ्या खुलाशाची नक्कल वाचली. म्हातारीचा उल्लेख आला तिथं तो थांबला, आणि तेवढं वाक्य त्यानं आत बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं.

“बरं लिवलं,” तो म्हणाला. “अक्षर तुमचं पहिल्यापासून चांगलं हाय.”

“याचा काही उपयोग झाला नाही,” मी म्हटलं.

“नाई झाला.” त्यानं दोन्ही कागद घडी करून माझ्या हातात दिले. “तुमच्यापाशीच राहू द्या.”

मी उठलो. तो रस्त्यापर्यंत पोचवायला आला. पलीकडे खदानीच्या कडेला चुन्याच्या काही ताज्या खुणा मारलेल्या दिसत होत्या.

“इकडचीबी मोजनी निघाली,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात. या बाजूनं काही बांधाचं म्हनते.”

“मी बोलू का कुणाशी? मी आलो तर स्वतः—”

“तुमी येऊ नका, साहेब,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “तेवढं करा.”

पुढच्या महिन्यात अकोल्याच्या तपासणीच्या यादीत माझं नाव आलं. मी ते काढून घ्यायला सांगितलं आणि त्या आठवड्यात अमरावतीतच ऑफिसात बसून राहिलो.